गृहिणीचा कोपरा : भट्टीवाचून होणारी चॉकलेट-शेंगदाण्याची वडी



गेल्या पंधरवड्यात बेळगाव जिल्ह्यातील एका खेड्यातून एका मातेचे पत्र आले. पत्र दोनच पानांचे होते. परंतु या कोपऱ्यातून त्याला सविस्तर उत्तर द्यावे, कारण तिचा प्रश्न आपणांपैकी अनेकींचा असेल, असे मला वाटले.

ती भगिनी लिहिते : "माझी थोरली मुलगी शहरातील शाळेत शिकते. मैत्रिणीच्या वाढदिवशी तिने एक मिठाई खाल्ली. वर चॉकलेटचा थर आणि खाली शेंगदाण्याच्या लोण्याचा थर, अशी ती होती. घरी आल्यापासून ती धाकट्या भावंडांना तिचेच वर्णन ऐकवते आहे. धाकट्या मुलाचे पहिले कम्युनियन या महिन्याच्या अखेरीस आहे. त्या दिवशी घरी तीच मिठाई हवी, असा मुलांचा हट्ट आहे. आमच्याकडे भट्टी नाही. शेंगदाण्याचे लोणी बाटलीत मिळते, पण ते आमच्या खिशाला परवडत नाही. शेतात मात्र भुईमूग पिकतो. त्यातून ही वस्तू घरी होईल काय?"

आणि पत्राच्या शेवटी, जणू सहज आठवले म्हणून, तिने आणखी चार ओळी लिहिल्या आहेत : "शेंगा फोडून निवडल्या, तेव्हा काळपट आणि सुरकुतलेले असे दोन-अडीच किलो दाणे बाजूला निघाले. व्यापाऱ्याने ते घेतले नाहीत. टाकून द्यायला जीव होत नाही. चॉकलेटच्या चवीखाली त्यांचा कडवटपणा लपून जाईल. या मिठाईसाठी तेच वापरले तर चालतील ना?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आहे. भट्टी नको, बाटली नको; कढई, सूप, मिक्सर किंवा पाटा-वरवंटा एवढ्यावर काम भागते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र 'नाही' असे आहे, आणि ते मी अगदी ठासून देते. त्याचे कारण पुढे येईलच. ते कारण वडीच्या कृतीहूनही महत्त्वाचे आहे. म्हणून कृती कापून घेऊन उरलेला कागद चुलीत घालू नका!

ही जोडी जमली कशी?

भुईमूग आणि कोको ही दोन्ही अमेरिका खंडाची देणगी होय. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेचा. समुद्रमार्गाने तो इकडे आला आणि आपल्या मातीत असा रुजला की, आज तो परका होता हे सांगूनही कुणाला खरे वाटणार नाही. शेंगदाण्याची चटणी, कुटाचा लाडू, चिक्की, बेळगाव-धारवाडकडची शेंगांची पोळी यांवाचून आपले स्वयंपाकघर आठवून पाहा बरे!

कोकोची कहाणी निराळी. युरोपात तो प्रथम पेय म्हणून गेला. सतराव्या शतकात तेथील धर्मपंडितांत एक मोठा वाद माजला होता : उपवासाच्या दिवशी चॉकलेट प्यायल्याने उपवास मोडतो की नाही? कार्डिनल ब्रांकाच्चो यांनी त्यावर लॅटिन भाषेत एक प्रबंधच लिहिला आणि पेयाने उपवास मोडत नाही, असा कौल दिला. परंतु आपली आजची वडी ही चावून खाण्याची वस्तू आहे. तेव्हा प्रायश्चित्तकाळात कार्डिनलसाहेबांच्या प्रबंधाचा आधार कुणी घेऊ नये!

शेंगदाण्याचे लोणी, म्हणजे भाजलेल्या दाण्यांचा तेल सुटेपर्यंत वाटलेला मऊ गोळा. १८८४ साली कॅनडातील मॉन्ट्रिअल शहराच्या मार्सेलस एडसन यांनी अशा गोळ्याचे पेटंट मिळविले. पुढल्या दशकात अमेरिकेतील मिशिगन प्रांतात डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी आपल्या आरोग्यधामातील रुग्णांसाठी शेंगदाण्याचे असे लोणी तयार केले. पुढे १९२८ साली पेनसिल्व्हेनियातील हर्शी गावी एच. बी. रीस यांनी चॉकलेटच्या वाटीत शेंगदाण्याचे सारण भरून विकावयास आरंभ केला. तेथपासून या दोन चवींची जी गट्टी जमली, ती आजतागायत टिकून आहे. अमेरिकेतील घरोघरच्या गृहिणींनी त्याच चवीची, भट्टीवाचून ताटात थापून होणारी वडी प्रचारात आणली. आपल्या कुटाच्या लाडवाची ती दूरदेशीची बहीणच म्हणा ना.

याच संदर्भात आणखी एका थोर पुरुषाचे नाव घेतले पाहिजे. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे गुलामगिरीत जन्मलेले कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ. अलाबामा प्रांतातील टस्कीगी येथील संस्थेत ते शिकवीत. वर्षानुवर्षे कापूसच काढून तेथील गरीब शेतकऱ्यांची जमीन निकस झाली होती. कार्व्हर यांनी त्यांना भुईमूग पेरावयास सांगितले. आणि १९१६ साली एक पुस्तिका काढून तो घरात खाण्याच्या एकशे पाच रीती लिहून दिल्या. शेंगदाण्याचे लोणी त्यांनी शोधून काढले, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. ते खरे नव्हे. परंतु आपल्या शेतात पिकते ते आधी आपल्या मुलांच्या पोटात जावे, ही त्यांची शिकवण आपणही घेण्यासारखी आहे.

साहित्य

हे प्रमाण सुमारे छत्तीस वड्यांचे आहे.

खालच्या थरासाठी : निवडलेले कच्चे शेंगदाणे ४०० ग्रॅम (भाजून, सोलून ते सुमारे ३५० ग्रॅम भरतात), साधी ग्लुकोज किंवा मारी बिस्किटे २०० ग्रॅम, साजूक तूप ८० ग्रॅम, पिठीसाखर १२५ ग्रॅम, मीठ पाव चमचा. लोणी मीठ घातलेले असेल, तर ते १०० ग्रॅम घेऊन वेगळे मीठ घालू नये.

वरच्या थरासाठी : काळे, कमी गोड चॉकलेट २०० ग्रॅम, आणि वाटलेल्या दाण्यांचा गोळा दोन मोठे चमचे.

साखरेऐवजी गूळ घालावयाचा असेल, तर तो अगदी कोरडा, किसून चाळलेला घ्यावा. ओलसर, चिकट गुळाने मिश्रणाच्या गुठळ्या होतात. बिस्किटे नसतील, तर पातळ पोहे कोरडेच कुरकुरीत भाजून, त्यांची भरड १५० ग्रॅम घ्यावी. वडी किंचित खुसखुशीत होते, आणि माझ्या घरी तर तीच अधिक आवडते.

कृती

१. दाणे ताटात पसरून, उजेडात बसून, एकेक निवडावेत. हे काम रात्री दिव्याखाली, गप्पांच्या नादात करू नये.

२. लोखंडी कढईत मंद आचेवर दाणे बारा ते पंधरा मिनिटे भाजावेत. हात थांबवू नये. साल तडकू लागली आणि आतील दाणा फिकट बदामी दिसू लागला की उतरावेत. गरम कढईत ते आणखी भाजले जातात, म्हणून लगेच ताटात काढावेत. मोठ्या आचेवर दाणे वरून करपतात आणि आत कच्चे राहतात. अशा दाण्यांना तेलही नीट सुटत नाही.

३. पूर्ण निवाल्यावर हातांनी चोळून, सुपात पाखडून साले काढावीत.

४. मिक्सरच्या कोरड्या भांड्यात दाणे थोडे थोडे वाटावेत. प्रथम कूट होते. मग ते भांड्याला चिकटू लागते. चमच्याने खाली ओढावे. पुढे त्याचा घट्ट गोळा होतो, आणि नव्या हाताच्या मुलीला येथे वाटते की काम बिघडले. ते बिघडलेले नसते. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते. ते सुटावयास थोडा वेळ लागतो, इतकेच. अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने मिक्सर थांबवून त्याला विसावा द्यावा, म्हणजे यंत्र तापणार नाही. काही वेळाने गोळा सैल, चकचकीत होतो. हेच शेंगदाण्याचे लोणी. पाणी मात्र एक थेंबही घालू नये. दाणे फारच कोरडे असतील, तर चमचाभर शेंगदाण्याचे तेल घालावे. मिक्सर नसेल, तर कोरड्या पाट्यावर वाटावे. वेळ लागतो, परंतु पदार्थात उणेपणा येत नाही.

५. यातील दोन मोठे चमचे गोळा बाजूला काढावा. उरलेल्यात पिठीसाखर, मीठ, बिस्किटांची बारीक भरड आणि कोमट पातळ तूप घालून मळावे. मूठ वळून पाहावी. मूठ वळली आणि हात तेलकट झाला नाही, तर मिश्रण जमले. फार मऊ वाटल्यास भरड वाढवावी. भुगा होत असल्यास तूप चमचाभर घालावे.

६. सुमारे २० सेंटिमीटर लांब-रुंद अशा थाळ्याला तूप लावून त्यात मिश्रण घालावे आणि वाटीच्या बुडाने दाबून सपाट थापावे. येथे कंटाळा केला, तर कापताना वडी ढासळते.

७. चॉकलेटचे बारीक तुकडे कोरड्या भांड्यात घ्यावेत. पातेल्यात दोन बोटे पाणी तापवून ते आचेवरून उतरावे, आणि त्यावर चॉकलेटचे भांडे ठेवावे. भांड्याचे बूड पाण्याला टेकू नये. चमच्याने सावकाश ढवळीत राहावे. चॉकलेट वितळले की बाजूला काढलेला दाण्याचा गोळा त्यात मिसळून थापलेल्या थरावर ओतावे, आणि थाळा हलकेच आपटून ते सारखे करावे.

८. शीतकपाट असेल, तर तासाभरात वडी बसते. नसल्यास थाळ्यावर कोरडे ताट झाकून, तो थंड पाण्याच्या परातीत रात्रभर ठेवावा. वरचा थर अर्धवट घट्ट झाला असतानाच सुरीने रेघा पाडून घ्याव्यात. पूर्ण कडक झाल्यावर कापले, तर चॉकलेट तडकते आणि वड्यांच्या कडा वाकड्यातिकड्या होतात.

कमी खर्चाची रीत

चॉकलेटची वडी महाग वाटत असेल, तर कोकोची पूड चार मोठे चमचे, पिठीसाखर सहा चमचे, पातळ तूप पाच चमचे आणि दाण्याचा गोळा दोन चमचे, असे मंद आचेवर जेमतेम कोमट करून, गुठळ्या मोडून वर पसरावे. हा थर चॉकलेटइतका कडक होत नाही. परंतु चवीला उत्तम लागतो, आणि मुले तर फरक विचारीतही नाहीत.

चॉकलेट विकत घेताना वेष्टनावरील घटक वाचण्याची सवय लावून घ्यावी. ज्यात कोको बटर असते, ते खरे चॉकलेट. कोको बटरऐवजी दुसरे वनस्पतिजन्य स्निग्ध घालून केलेले स्वस्त चॉकलेटही मिळते. ते वापरण्यास हरकत नाही. परंतु खऱ्याचे दाम मोजून ते घेऊ नये. खऱ्या चॉकलेटमधील कोको बटर सुमारे ३४ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणूनच ते जिभेवर विरघळते, आणि म्हणूनच आपल्या उन्हाळ्यात दुपारी ते ताटातही विरघळते! एप्रिल-मे महिन्यांत हा बेत संध्याकाळनंतरच करावा.

माझी एक फजिती

पुष्कळ वर्षांपूर्वी नाताळच्या आदल्या दिवशी, चॉकलेट लवकर वितळावे म्हणून मी त्या भांड्यावर झाकण ठेवले. झाकणाला वाफ धरली आणि तिचे थेंब चॉकलेटमध्ये पडले. पाहता पाहता त्या तुकतुकीत चॉकलेटची ओल्या वाळूसारखी गोळी झाली. अधिक तापवले, तर ती अधिकच घट्ट झाली. कारण साधे आहे. चॉकलेटमध्ये साखरेचे आणि कोकोचे कोरडे कण स्निग्धात पसरलेले असतात. पाण्याचा थेंब पडला की ते त्याला धरून एकमेकांना चिकटतात. अशी वेळ आल्यास ते चॉकलेट फेकू नये. त्यात गरम दूध चमचा चमचा घालून ढवळावे. ते पुन्हा सैल होते. वडीवर ते नीट बसत नाही, परंतु दूध वाढवून मुलांना पेलाभर गरम चॉकलेट देता येते. त्या नाताळला आमच्याकडे आलेल्या साऱ्या पाहुण्यांनी तेच प्यायले, आणि 'या खेपेस हे नवीन काय केलेत?' म्हणून कौतुकही केले. मी खरे कारण कुणाला सांगितले नाही. ते आज तुम्हांला सांगत आहे.

आता त्या काळपट दाण्यांविषयी

१९६० साली इंग्लंडमध्ये एकाएकी टर्की नावाच्या पक्ष्यांची पिले मरू लागली. पाहता पाहता एक लाखाहून अधिक पक्षी दगावले. रोग कोणता, हे प्रथम कुणाला उमगेना. शोध करता करता शास्त्रज्ञ त्या पक्ष्यांच्या खाद्यापर्यंत पोहोचले. त्यात ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती, आणि त्या पेंडीला बुरशी लागलेली होती. अस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीने तयार केलेले ते विष होते. तिच्याच नावावरून त्याला 'अफ्लाटॉक्सिन' असे म्हणतात. हे विष यकृतावर घाला घालते. थोडे थोडे करून दीर्घकाळ पोटात गेल्यास त्याने यकृताचा कर्करोग होऊ शकतो, हे आता पूर्णपणे सिद्ध झाले आहे.

भगिनींनो, दाणा काळपट, हिरवट, सुरकुतलेला, खवट किंवा कडू लागत असेल, तर त्यात हे विष असण्याची भीती असते. आणि नीट लक्षात घ्या : भाजल्याने ते पुरते नाहीसे होत नाही. कढईच्या उष्णतेने बुरशी मरते. तिने मागे ठेवलेले विष मात्र पुष्कळसे तसेच राहते. चॉकलेटने तर काहीच नष्ट होत नाही. नष्ट होते ती केवळ आपल्याला सावध करणारी कडू चव. म्हणजे जो कडवटपणा देवाने इशारा म्हणून जिभेवर ठेवला, तोच आपण साखरेने झाकून लेकराच्या हाती द्यावयाचा! पत्र लिहिणाऱ्या मातेच्या मनात असे काही नव्हते, हे मी जाणते. तिला माहीत नव्हते, एवढेच.

मलाही एके काळी माहीत नव्हते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी असेच निवडलेले खराब दाणे लाडवांसाठी कढईत टाकीत होते. सासूबाईंनी पाहिले. त्यांनी कढई उतरवली आणि एवढेच म्हणाल्या, "अगं बाई, जे आपण व्यापाऱ्याला विकू शकत नाही, ते पोरांना कसं खाऊ घालायचं?" त्यांना बुरशीचे नाव ठाऊक नव्हते, इंग्लंडातील पक्ष्यांची वार्ताही नव्हती. मी मनात रागावले. दोन दिवस नीट बोललेही नाही. घरी पैशाची ओढ होती, आणि त्या दाण्यांत माझे दिवसभराचे श्रम होते. आज त्यांच्या त्या वाक्याचा अर्थ मला कळतो.

मग त्या अडीच किलो दाण्यांचे करावे काय? 'कोंबड्यांना घालीन' असे कुणी म्हणेल. घालू नका, इंग्लंडात मेले ते पक्षीच होते. 'गाईला देईन' असेही म्हणू नका. गाईने खाल्लेल्या विषाचा काही भाग तिच्या दुधात उतरतो, आणि दूध पुन्हा मुलांच्याच पेल्यात येते. घाण्यावरही नेऊ नका. घाण्याच्या कच्च्या तेलातही ते उतरू शकते. घरापासून दूर खड्डा खणून ते पुरून टाकावेत. नुकसान होते, हे खरे. परंतु ते नुकसान दाण्यांपाशीच थांबते.

पुढल्या हंगामात असे होऊ नये म्हणून काही गोष्टी पाळाव्यात. शेंगा काढल्याबरोबर उन्हात पसरून, हलवून, आतील दाणा खुळखुळेपर्यंत वाळवाव्यात. ओल्या शेंगांचा ढीग घालू नये. पोती थेट जमिनीवर किंवा भिंतीला लावून न ठेवता फळीवर ठेवावीत. दाणे फोडून ठेवण्यापेक्षा शेंगाच ठेवाव्यात. लागतील तशा फोडाव्यात. फोडताना टरफलाबरोबर दाणा चिरला, तर तो आधी वापरून टाकावा; कारण जखमी दाण्यात बुरशी लवकर शिरते.

वाढण्यापूर्वी

दोन सूचना राहिल्या. काही मुलांना शेंगदाणा मुळीच सोसत नाही. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वासही कोंडतो. तेव्हा शेजारच्या मुलांना वडी देण्यापूर्वी त्यांच्या आईला विचारावे, आणि आत काय आहे ते सांगावे. अगदी लहान मुलांना अख्खा दाणा किंवा वडीचा मोठा तुकडा देऊ नये. तो घशात अडकण्याची भीती असते. वड्या कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. थंडीच्या दिवसांत त्या चार-पाच दिवस, आणि शीतकपाटात दोन आठवडे चांगल्या राहतात.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीस माझे सांगणे असे : तुझ्या शेतातील उत्तम दाण्यांपैकी फक्त ४०० ग्रॅम दाणे या वडीला लागतात. जे पोते बाजारात जाणार आहे, त्यातीलच, अगदी वरचे, टपोरे दाणे काढून घे. त्या दिवशी घरातला मुलगा पाहुणा आहे. पाहुण्याला आपण निवडक तेच वाढतो ना? थोरल्या मुलीला दाणे निवडावयास जवळ बसव आणि कोणते का टाकावयाचे, तेही सांग. शहरातून ती मिठाईचे नाव घेऊन आली. घरातून हे ज्ञान घेऊन जाऊ दे.

आणि वडी कशी झाली, ते मला अवश्य कळव.